मुंबईचा मेटल बँड 'डेमॉनिक रिझरेक्शन' वाकेनच्या स्टेजवर पोहोचला कसा, आणि त्यासाठी किचनमध्ये का उतरावं लागलं?

नागपूरच्या वाडीतून अमरावती रोडने गेलात की एक आवाज कायम सोबत असतो. ट्रकचे एअर ब्रेक, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनची शटरं, वर्कशॉपमधला ग्राइंडर, पाट्यावर पडणारा हातोडा. बहुतेकांसाठी ही डोकेदुखी. पण जगात एक संगीतप्रकार असा आहे ज्याने नेमका हाच आवाज उचलला, त्यावर गिटार चढवली आणि स्टेडियमं भरवली. त्याचं नाव इंडस्ट्रियल मेटल.

यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे जर्मनीचा रामस्टाइन. १९९४ मध्ये बर्लिनमध्ये सहा जण एकत्र आले. तीस वर्षं उलटली तरी बँडमध्ये तेच सहा जण. गाणी जर्मन भाषेत, तरी तिकिटं जगभर संपतात. आयुष्यभर एकच काम केलं, त्यावरच जगले आणि श्रीमंतही झाले.

आता प्रश्न असा की आपल्याकडे कुणी असं करायचं ठरवलं तर काय होतं? म्हणजे महाराष्ट्रात राहायचं, ढोल-ताशा आणि बॉलिवूडच्या मधोमध मेटल वाजवायचं, आणि एक-दोन वर्षं हौस म्हणून नाही, तर सलग वीसेक वर्षं.

याचं उत्तर शोधायला मुंबईच्या एका बँडचा प्रवास बघावा लागतो. बँडचं नाव डेमॉनिक रिझरेक्शन. हा बँड इंडस्ट्रियल मेटल वाजवत नाही, त्याच्या चुलत घराण्यातला आहे. पण भारतात मेटल बँडचं करिअर म्हणजे नेमकं काय असतं, हे कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण आहे.

आधी मेटलचं घराणं समजून घेऊ

मेटलचा जन्मच कारखान्याच्या गावात झाला. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे लोखंडाच्या कारखान्यांचं शहर. १९६५ मध्ये तिथे पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी नावाच्या १७ वर्षांच्या पोराची दोन बोटांची टोकं मशीनमध्ये तुटली. पोरगं गिटार वाजवायचं, आणि तेही डावखुरं. तारा दाबायचा हातच कामातून गेला.

त्याने काय केलं? प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली. गिटारला हलक्या तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर खाली आणला. त्यातून जो जड, अंधारलेला आवाज निघाला, त्यावर १९६८ मध्ये ब्लॅक सॅबथ हा बँड उभा राहिला. आज ज्याला आपण हेवी मेटल म्हणतो, त्याची सुरुवात इथून धरली जाते.

पुढे या घराण्याला फांद्या फुटल्या.

इंडस्ट्रियल ही फांदी जरा बाहेरून आली. १९७६ मध्ये ब्रिटनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या ग्रुपने इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाचं लेबल काढलं. टेप, सिंथेसायझर आणि यंत्रांचे आवाज हे त्यांचं साहित्य. मग अमेरिकेतल्या शिकागोच्या मिनिस्ट्रीने आणि बर्मिंगहॅमच्याच गॉडफ्लेशने त्यात मेटलची गिटार घातली. गॉडफ्लेशने तर सुरुवातीला ड्रमर ठेवलाच नाही, ड्रम मशीन ठेवली. माणसाची लय किंचित पुढेमागे होते, मशीनची होत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं की समोर बँड नसून कारखान्याची पाळी सुरू आहे. तोच त्यांचा उद्देश होता.

याच फांदीवरच्या नाइन इंच नेल्सचा ट्रेंट रेझनर पुढे हॉलिवूडमध्ये गेला आणि 'द सोशल नेटवर्क'च्या संगीतासाठी ऑस्करही घेऊन आला.

दुसरी फांदी म्हणजे डेथ मेटल आणि ब्लॅक मेटल. इथे मशीन नाही, माणसालाच मशीनसारखं वाजवावं लागतं. ड्रमर दोन्ही पायांनी बास ड्रम बडवतो. 'ब्लास्ट बीट' नावाच्या प्रकारात हात आणि पाय इतके जलद चालतात की वेगवेगळे ठोके ऐकू येईनासे होतात. गायक गुरगुरतो, त्याला ग्रोल म्हणतात. हा नुसता आरडाओरडा नसतो. आपल्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक पडद्यांची जोडी असते, तिचा वापर करून हा आवाज काढतात. जमला नाही तर घसा चार दिवसांत बसतो.

या डेथ आणि ब्लॅक मेटलला कीबोर्डवरून ऑर्केस्ट्राचा साज चढवला की होतं सिम्फॉनिक मेटल. डेमॉनिक रिझरेक्शन बसतो तो याच खणात.

सुरुवात होते २००० साली, मुंबईत

साहिल मखिजा नावाचा कॉलेजच्या वयातला पोरगा. गिटार वाजवायचा, ग्रोल करायचा आणि स्वतःला डेमनस्टीलर म्हणवून घ्यायचा. त्याने २००० मध्ये बँड सुरू केला, नाव ठेवलं डेमॉनिक रिझरेक्शन. त्याच वर्षी 'डेमनस्टीलर' नावाचा पहिला अल्बमही आला.

आता त्या काळची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. यूट्यूब नाही, स्पॉटिफाय नाही. इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या वायरवरून कुरकुरत चालणारं कनेक्शन. परदेशी मेटलची कॅसेट कुणाकडे असलीच तर ती सगळ्या ग्रुपमध्ये फिरायची. भारतात रॉक संगीतावर एक मासिक निघायचं, 'रॉक स्ट्रीट जर्नल', आणि ते कुठून सुरू झालं होतं? मुंबई नाही, दिल्लीही नाही. १९९३ मध्ये अलाहाबादमधून.

म्हणजे रॉक ऐकणारे देशभर होते, पण विखुरलेले. आणि त्यातही दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण म्हणजे स्वतःची गाणी. कॉलेज फेस्टमध्ये पोरांना मेटॅलिका आणि आयर्न मेडनची गाणी हवी असायची. स्टेजवर जाऊन "हे आमचं स्वतःचं गाणं" असं म्हटलं की निम्मी गर्दी पाणी प्यायला जायची. दुसरी अडचण म्हणजे या प्रकारची गाणी रेकॉर्ड कोण करून देणार? मुंबईत स्टुडिओ चिक्कार होते, पण ते सिनेमाची आणि जाहिरातींची गाणी करणारे. तासाचं भाडं पोरांना परवडणारं नव्हतं. आणि इतके वेगवान ड्रम, इतकी खरखरीत गिटार नीट रेकॉर्ड करायची सवय तिथे कुणालाच नव्हती.

स्टुडिओ मिळेना, मग घरातच स्टुडिओ

साहिलने यावर काढलेला मार्ग नंतर भारतीय मेटलला पुढची अनेक वर्षं पुरला. तो स्वतः रेकॉर्डिंग शिकला आणि घरीच स्टुडिओ उभा केला. आधी स्वतःच्या बँडसाठी, मग इतरांसाठी. पुढे डेमनस्टीलर रेकॉर्ड्स नावाचं लेबल सुरू केलं. एक्स्ट्रीम मेटलला वाहिलेल्या भारतातल्या अगदी पहिल्या लेबलांमध्ये त्याची गणना होते.

मग प्रश्न आला वाजवायचं कुठे? त्यासाठी त्याने 'रिझरेक्शन' नावाचे शो भरवायला सुरुवात केली. स्वतःचा बँड वाजवायचाच, सोबत शहरातल्या इतर बँडनाही स्टेज द्यायचं.

थोडक्यात, गायक तोच, गिटारिस्ट तोच, साउंड इंजिनिअर तोच, लेबलचा मालक तोच आणि कार्यक्रमाचा आयोजकही तोच. ही हौस नव्हती, नाइलाज होता. परदेशात ही पाच कामं पाच वेगवेगळी माणसं करतात, कारण तिथे त्या कामांचा धंदा उभा आहे. इथे तो नव्हता, म्हणून बँडला आधी धंदा उभारावा लागला आणि मग त्यात गाणं वाजवावं लागलं.

वाजवायला जागा का नव्हती?

मुंबईत रॉकची एक हक्काची जागा होती. धोबी तलावचं रंगभवन. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे पोरांच्या भाषेत आय-रॉक, याच ओपन एअर थिएटरमुळे गाजला. आजच्या अनेक पन्नाशीतल्या मुंबईकरांनी आयुष्यातला पहिला रॉक शो इथेच पाहिला.

मग २००० मध्ये केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि कोर्टापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रंगभवनच्या आजूबाजूला कॉलेजही आहे आणि रुग्णालयंही. नियम लागू झाल्यावर तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले.

नियम चुकीचा होता का? रुग्णालयात झोपलेल्या पेशंटला विचारलं तर तो नाही म्हणेल. पण एक जागा बंद करताना दुसरी उघडली गेली नाही, ही खरी गोची झाली. मेटलवाले मग क्लबमध्ये गेले. जुहूचं रॅझबेरी राइनोसरस हे त्यातलं नाव अजूनही जुने लोक काढतात. पण क्लब शेवटी क्लबच. शनिवारी रात्री त्याला नाचणारी गर्दी आणि खपणारी दारू हवी असते. काळे टी-शर्ट घालून एका कोल्ड्रिंकवर तीन तास डोकं हलवणारी पोरं त्याला परवडत नाहीत. त्यामुळे मेटलच्या वाट्याला बहुतेक वेळा मधल्या वाराची संध्याकाळ यायची.

२००५ ते २००८ : अंधाराची गोष्ट

२००५ मध्ये बँडचा दुसरा अल्बम आला, 'अ डार्कनेस डिसेंड्स'. २००७ मध्ये 'बियाँड द डार्कनेस' नावाची छोटी रेकॉर्ड आली. आणि २०१० मध्ये 'द रिटर्न टू डार्कनेस'. तीन रेकॉर्ड मिळून एक मालिका. तोवर बँडचा आवाजही पक्का झाला होता. एका बाजूला ग्रोल आणि ब्लास्ट बीट, तर दुसऱ्या बाजूला मेफिस्टो या नावाने वाजवणाऱ्या कीबोर्डिस्टने उभा केलेला ऑर्केस्ट्रा, आणि मध्येच साहिलच्या स्वच्छ आवाजातला कोरस.

याच काळात देशात वारं बदललं. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात आला, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी आपली नवी वर्ल्ड टूर थेट मुंबईतून सुरू केली. भारतात मेटलला तिकीट काढून येणारी गर्दी आहे, हे त्या मैदानांवर डोळ्यांनी दिसलं.

२००८ मध्येच 'ग्लोबल मेटल' नावाची डॉक्युमेंटरी आली. कॅनडाचा सॅम डन हा मानववंशशास्त्र शिकलेला मेटलवेडा माणूस. तो ब्राझील, जपान, चीन, इंडोनेशिया, इस्रायल असा फिरला आणि मेटल तिथे कसं रुजलं ते बघितलं. त्यात भारतही आहे आणि साहिल मखिजाही आहे. जगाने मुंबईच्या मेटलकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते तेव्हा.

मुंबईत तोवर डेमॉनिक रिझरेक्शन एकटा राहिला नव्हता. भयानक मौत नावाचा बँड होता, नावातच सगळं आलं. स्क्राइब होता, ज्याने पुढे अल्बमची नावं ठेवली 'मार्क ऑफ तेजा' आणि 'हेल मोगॅम्बो'. ही पोरं परदेशी मेटलची नक्कल सोडून आपल्या गल्लीतला विनोद त्यात घालायला लागली होती.

२०१० : दार उघडलं

'द रिटर्न टू डार्कनेस' हा बँडच्या आयुष्यातला टर्निंग पॉइंट. त्या वेळी बँडमध्ये साहिलसोबत गिटारवर डॅनियल रेगो, बासवर हुसेन बंदुकवाला, कीबोर्डवर मेफिस्टो आणि ड्रमवर वीरेंद्र कैथ होते.

या अल्बमला परदेशात प्रसिद्ध करायची जबाबदारी कँडललाइट रेकॉर्ड्सने घेतली. हे ब्रिटिश लेबल म्हणजे साधंसुधं नाव नाही. नॉर्वेचा एम्परर आणि स्वीडनचा ओपेथ यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड याच लेबलने काढल्या होत्या. मुंबईच्या घरगुती स्टुडिओतून निघालेला बँड आता त्या यादीत होता.

त्याच वर्षी बँड नॉर्वेच्या इन्फर्नो फेस्टिव्हलमध्ये वाजला. नॉर्वे ही ब्लॅक मेटलची पंढरी. तिथे जाऊन वाजवणं म्हणजे आपल्याकडच्या शास्त्रीय गायकाला पुण्यात सवाई गंधर्वला बोलावणं आल्यासारखं. मग चेक रिपब्लिकमधला ब्रूटल असॉल्ट फेस्टिव्हल झाला. आणि ब्रिटनच्या मेटल हॅमर मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात बँडला 'ग्लोबल मेटल' पुरस्कार मिळाला.

दहा वर्षं लागली. पण ज्या बँडला घरच्या शहरात शनिवारची रात्र मिळत नव्हती, त्याला लंडनमध्ये पुरस्कार मिळाला.

वाकेन म्हणजे काय असतं?

२०१४ मध्ये बँडचा 'द डेमन किंग' हा अल्बम आला आणि त्याच वर्षी बँड वाकेनच्या स्टेजवर होता.

वाकेन हे उत्तर जर्मनीतलं साधारण दोन हजार वस्तीचं खेडं. १९९० मध्ये गावातल्या पोरांनी तिथे छोटासा मेटल कार्यक्रम भरवला. आज दरवर्षी उन्हाळ्यात त्या खेड्यात पाऊण लाखाच्या वर लोक येतात. शेतात तंबू पडतात, पाऊस आला की गुडघाभर चिखल होतो, आणि गावातल्या आज्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून मेटलवाल्यांना हात करतात. आपल्याकडे वारीच्या वाटेवरच्या गावांत जे वातावरण असतं, त्याची आठवण यावी असं. फरक इतकाच की इथे टाळ-मृदंगाच्या जागी मार्शलचे अँप्लिफायर असतात.

इथे वाजवणं हे जगभरातल्या मेटल बँडचं स्वप्न असतं. पण फोटोमागचा हिशेबही समजून घ्यायला हवा.

मोठ्या फेस्टिव्हलमध्ये लहान बँडला मिळणारं मानधन बेताचंच असतं. युरोपातला बँड व्हॅन भाड्याने घेऊन येतो, वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात जातो. महिनाभरात वीस शो झाले की खर्च निघतो. भारतातून जाणाऱ्या बँडला पाच जणांची विमानाची तिकिटं, पाच व्हिसा, गिटार-पेडलचं जादा सामान आणि तिथली राहायची सोय हे सगळं एक-दोन शोसाठी करावं लागतं. त्यामुळे "परदेशात वाजवून आले" याचा अर्थ "पैसे कमावून आले" असा बहुतेक वेळा नसतो.

आणि भारतातच टूर करायची म्हटलं तर? नागपूर ते मुंबई अंतर आठशे किलोमीटरच्या वर. एवढ्या अंतरात जर्मनीचं एक टोक ते दुसरं टोक येतं, आणि मध्ये प्रत्येक मोठ्या शहरात मेटल वाजवणारा निदान एक क्लब असतो. आपल्याकडे या आठशे किलोमीटरमध्ये मेटल वाजवता येईल अशा ठिकाणांची यादी पुणे आणि मुंबई सोडलं की पटकन संपते.

दशावतार : मेटलमध्ये मत्स्य आणि कूर्म

२०१७ मध्ये बँडने जे केलं त्याची चर्चा जास्त झाली. अल्बमचं नाव 'दशावतार'. दहा गाणी, प्रत्येक गाणं विष्णूच्या एका अवतारावर. मत्स्यापासून सुरुवात आणि कल्कीपाशी शेवट. सतार आणि तबला यांसारखी भारतीय वाद्यं, आणि त्यांच्या बाजूला ग्रोल आणि ब्लास्ट बीट.

गंमत बघा. बँडच्या नावात 'डेमॉनिक', म्हणजे राक्षसी. आणि अल्बम अवतारांवर. यात विरोधाभास वाटेल, पण कोकणात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला तो वाटणार नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकात देव जितका महत्त्वाचा, तितकाच संकासुरही. रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकांना राक्षसाची एंट्री हवीच असते. नरसिंहाची गोष्ट हिरण्यकशिपूशिवाय सांगता येत नाही. मेटलला अशा गोष्टी मानवतात, कारण त्यात रक्त, युद्ध, प्रलय आणि सूड सगळं असतं.

अल्बममध्ये नववा अवतार म्हणून बुद्ध येतो. ही यादी पुराणांच्या परंपरेतली आहे. महाराष्ट्रात मात्र ही जागा सरळसोट नाही. आपल्याकडच्या काही जुन्या चित्रांमध्ये नवव्या जागी विठोबा दिसतो. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे स्पष्टपणे नाकारलेलं आहे. म्हणजे एकाच गाण्याच्या शीर्षकाकडे मुंबईतला श्रोता एका नजरेने बघेल आणि नागपुरातला दुसऱ्या. आपल्या मातीतली गोष्ट मेटलमध्ये आणायची म्हटलं की आपल्या मातीतले वादही सोबत येतात.

मग किचनचा काय विषय?

आता येतो मुद्द्याचा प्रश्न. लेबल झालं, फेस्टिव्हल झाले, पुरस्कार झाला. घर कशावर चालायचं?

इथे साहिलचा दुसरा अवतार समोर येतो. त्याने 'हेडबँगर्स किचन' नावाचा यूट्यूब शो सुरू केला होता. कल्पना मजेशीर होती. स्वयंपाक करायचा आणि मेटल बँडना खाऊ घालत त्यांच्याशी गप्पा मारायच्या. पुढे शोचा रोख कीटो डाएटच्या रेसिपींकडे वळला. पोळी-भात बंद करून काय खायचं, हा प्रश्न पडलेले लोक जगभर होते, आणि त्यांना काळा टी-शर्ट घातलेला, हसतमुख, नीट समजावून सांगणारा माणूस आवडला. मेटलच्या व्हिडिओंना जे जमलं नाही ते पनीर आणि चिकनने केलं. व्ह्यूज लाखोंच्या घरात गेले.

म्हणजे ज्याला जगाने ग्रोलसाठी पुरस्कार दिला, त्याला इंटरनेटवरचे बरेच लोक ओळखतात ते रेसिपीसाठी.

हे अपयश आहे का? तुलना करायची तर मुंबईचाच दुसरा बँड घ्या, पेंटाग्राम. सुरुवात १९९४, म्हणजे रामस्टाइनच्याच वर्षी. रॉकमध्ये इलेक्ट्रॉनिक आवाज मिसळणारा हा बँड, म्हणजे इंडस्ट्रियलच्या बराच जवळचा. २००५ मध्ये ते इंग्लंडच्या ग्लास्टनबरी फेस्टिव्हलमध्ये वाजले. त्यांचा गायक कोण होता? विशाल ददलानी. तोच, विशाल-शेखरमधला. 'ओम शांती ओम'ची गाणी केलेला. बँड होताच, पण देशाने त्याला ओळखलं ते सिनेमामुळे.

एकाला बॉलिवूडने सांभाळलं, दुसऱ्याला किचनने. बर्लिनमधल्या सहा जणांना दुसरं काही करावं लागलं नाही, कारण तिथे क्लबपासून स्टेडियमपर्यंत चढायला मधल्या सगळ्या पायऱ्या होत्या. आपल्याकडे तळमजला आहे आणि कधीतरी थेट वाकेनची गच्ची. मधला जिना ज्याचा त्याने बांधायचा.

बँडमधली माणसं का बदलतात, तेही इथेच कळतं. डेमॉनिक रिझरेक्शनच्या प्रवासात साहिल सोडला तर गिटार, बास, ड्रम अशा सगळ्या जागांवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळी माणसं येऊन गेली. 'द डेमन किंग'च्या वेळी गिटारवर निशित हेगडे आणि बासवर अश्विन श्रीयन होते. भारतातल्या कुठल्याही बँडची हीच कथा असते. विशी संपते, नोकरी लागते, बदली होते, घराचा हप्ता सुरू होतो, आणि रविवारची प्रॅक्टिस सुटते. भांडण होऊन फुटलेले बँड कमी, कॅलेंडर न जुळल्यामुळे विरलेले जास्त.

साहिलने यावरही एक तोडगा काढला, तो म्हणजे डेमनस्टीलर या नावाने सोलो अल्बम. २०१६ च्या 'धिस बर्डन इज माइन'मध्ये ड्रम वाजवले अमेरिकेच्या नाइल बँडमधल्या जॉर्ज कोलियासने. २०२३ च्या 'द प्रोपगंडा मशीन'मध्ये तर एकापेक्षा जास्त नामवंत ड्रमर आहेत. सगळ्यांनी एका खोलीत जमायची गरज नाही. फाइल पाठवायची, त्याने वाजवून परत पाठवायची. २००० मध्ये जे घरात स्टुडिओ असूनही शक्य नव्हतं, ते आता इंटरनेटमुळे शक्य झालं.

यातून मिळालं काय?

दिल्लीच्या ब्लडीवूड बँडचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१९ मध्ये ते वाकेनला वाजले, २०२२ मध्ये त्यांचा 'रक्षक' अल्बम आला, आणि ढोल-बासरी घातलेलं हे मेटल रील्समधून घराघरात गेलं. अनेकांना वाटतं की भारतीय मेटलची सुरुवात तिथून झाली.

तसं नाहीये. ब्लडीवूड वाकेनला पोहोचला, त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईचा एक बँड त्या चिखलात उभा राहून आला होता. भारतातूनही अशी गाणी येतात, हे युरोपातल्या आयोजकांना पटवून देण्याचं काम आधीच्या पिढीने केलं होतं. तेव्हा रील्स नव्हते, म्हणून त्याचा गाजावाजा झाला नाही.

आज नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरमधल्या पोराला मेटल करायचं असेल तर लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि ड्रमचं सॉफ्टवेअर एवढ्यावर अल्बम होतो. मुंबईला जायची गरज नाही, स्टुडिओच्या भाड्याची गरज नाही. प्रसिद्ध करायला लेबलही लागत नाही.

पण वाजवायला जागा अजूनही लागते. आणि २००० मध्ये साहिल मखिजासमोर जो प्रश्न होता, त्याचा हा एक भाग आजही तसाच शिल्लक आहे. गाणं घरात बनतं, पण बँड बनतो तो समोर पन्नास माणसं उभी राहिल्यावर. ती पन्नास माणसं गोळा करायला कुणीतरी आपल्या गावात एक हॉल, दोन स्पीकर आणि शनिवारची संध्याकाळ ठरवावी लागते. मुंबईत ते काम एका गायकाने स्वतःच्या अंगावर घेतलं, म्हणून बाकीचे दहा बँड उभे राहिले. पुढचा बँड कुठल्या शहरातून येईल हे सांगता येत नाही, पण तो येईल तिथे आधी कुणीतरी असा हॉल ठरवलेला असेल.